मोटारीच्या इंजिनावरील बिनवापराचें पाण्याचें तोंड

बागाइतदाराच्या खळ्यावर आज बैलगाडीशेजारीं जीप, टेंपो अगर जुनी मोटार उभी दिसते. यांपैकीं पुष्कळ गाड्या दुसऱ्याच्या हातून आलेल्या असतात. कांहीं ठिकाणीं तर गाडी मोडीत निघाल्यावर तिचें इंजिन लोखंडी चौकटीवर बसवून त्यावर पाण्याचा पंप किंवा मळणीयंत्र चालवितात. अशा इंजिनाकडे नीट पाहिलें असतां त्यावर एखादें पाण्याचें तोंड असें आढळतें कीं, त्यास कांहींच काम उरलेलें नाहीं. बहुधा तें हीटरचें असतें. गाडींत बसणारांस ऊब मिळावी म्हणून इंजिनांतील कढत पाणी दोन रबरी नळ्यांनीं गाडीच्या आंत एका लहान रेडिएटरांत नेतात व परत आणतात. हा लहान रेडिएटर जुना झाला म्हणजे गळूं लागतो. आपल्या हवेंत त्याची गरज थोडी, म्हणून तो काढून टाकतात. आणि इंजिनावर दोन उघडीं तोंडें मागें राहतात.

हीं तोंडें कशीं बंद करावीं, हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. लांकडाची खुंटी ठोकली, वर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळली, कीं काम झालें असें वाटतें. आणि तें दोन दिवस टिकतेंही. पण तिसऱ्या दिवशीं भरलेली गाडी बाजाराच्या वाटेवर घाट चढत असतां ती खुंटी निघाली, तर इंजिनाचें व मालाचें असें दुहेरी नुकसान पदरीं येतें. यासाठीं दोन गोष्टींचा विचार अवश्य आहे. पहिली ही कीं, त्या तोंडांतून पाणी कोठून कोठें जात होतें हें समजल्यावांचून तें बंद करूं नये. दुसरी ही कीं, जें बूच बसवावयाचें तें इंजिनाच्या इतर भागांइतकेंच टिकणारें असावें. प्रस्तुत लेखांत याच दोन गोष्टींचें विवेचन करावयाचें आहे.

इंजिनांतील पाण्याचा फेरा

इंजिनांत जळणाऱ्या तेलापासून जी उष्णता निघते तिचा सुमारें एक-तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. यासाठीं इंजिनाच्या पुढील अंगास पाण्याचा एक लहान पंप असतो. तो पाणी ब्लॉकमध्यें ढकलतो. तेथून तें हेडांत चढतें. हेडांतून रेडिएटरांत जाऊन थंड होतें व पुन्हां पंपाकडे येतें. या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचें एक आपोआप उघडणारें दार असतें. पाणी सुमारें ८२ ते ८८ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापेतों तें बंद असतें व रेडिएटरची वाट अडवून धरतें. तेवढ्या वेळांत इंजिनांतलें पाणी एका जागीं साचून राहूं नये म्हणून रेडिएटर टाळून जाणारी एक लहानशी आडवाट ठेवलेली असते. या आडवाटेची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें कारण पडणार आहे.

हें सर्व पाणी दाबाखालीं असतें. रेडिएटरच्या झांकणांत स्प्रिंग असते व ठराविक दाब होईपर्यंत ती वाफेस बाहेर जाऊं देत नाहीं. जुन्या जीपसारख्या गाड्यांत हा दाब थोडा असे. अलीकडील गाड्यांत तो दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलो इतका असतो. दाब वाढविण्याचें कारण असें कीं, दाबाखालीं पाणी उशिरां उकळतें. उघड्या भांड्यांत समुद्रकांठीं पाणी १०० अंशांवर उकळतें. महाबळेश्वरासारख्या उंच जागीं तें सुमारें ९५–९६ अंशांवरच उकळतें. तेंच पाणी वरील दाबाखालीं कोंडलें असतां सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. एखादें तोंड गळूं लागलें म्हणजे नुसतें पाणीच जातें असें नव्हे. त्याबरोबर दाबही जातो. जें पाणी १०५ अंशांवर शांत वाहत होतें तें दाब जातांच एकदम उकळूं लागतें, त्याची वाफ होते, व वाफेनें उरलेलें पाणीही बाहेर फेंकलें जातें. थेंबाथेंबाची गळती घाटांत पांच मिनिटांत इंजिन कोरडें करूं शकते ती यामुळेंच.

पाणी संपल्यावर आणखी एक फसवणूक घडते. उष्णता दाखविणाऱ्या कांट्याचा कंद पाण्यांत बुडालेला असेल तोंवरच खरी उष्णता सांगतो. पाणी खालीं गेलें व कंद उघडा पडला म्हणजे कांटा वर जाण्याऐवजीं पुष्कळदां खालीं येतो. हांकणारास वाटतें, गाडी थंड झाली. आणि तो तशीच पुढें नेतो. इकडे हेड वांकतें, हेडखालचें गॅस्केट जळतें, पाणी तेलांत उतरतें, व शेवटीं पिस्टन सिलिंडरांत धरून बसतात. एका बुचाच्या हयगयीपायीं सबंध इंजिन उघडण्याची पाळी येते.

बंद करावें कीं जोडून द्यावें?

आतां मुख्य प्रश्न. हीटरच्या वाटेस साधारणतः दोन तोंडें असतात: एक हेडावर किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ, जेथून कढत पाणी निघतें, व दुसरें पंपाच्या ओढीच्या बाजूस, जेथें तें परत येतें. बऱ्याच इंजिनांत रेडिएटर टाळणारी आडवाट निराळी असते. पंप व हेड यांमध्यें एक आंखूड नळी दिसते, किंवा ओतीव भागाच्या आंतच तशी वाट ठेवलेली असते. अशा इंजिनावरील हीटरचीं दोन्ही तोंडें निर्धास्तपणें बंद करावीं.

परंतु कांहीं इंजिनांत हीटरची वाट हीच आडवाट असते, किंवा थर्मोस्टॅटास ऊन पाणी पोंचविण्याचें काम तीच करते. अशा ठिकाणीं तोंडें बंद केलीं तर इंजिन सुरू झाल्यावर पाणी जागच्या जागीं तापत राहतें. थर्मोस्टॅटाभोंवतीं मात्र थंडच पाणी उरतें, म्हणून तो उघडत नाहीं. हेडांत एखाद्या जागीं वाफ धरते, आणि बाहेरून सर्व कांहीं ठीक दिसत असतां आंत हेडास तडा जाण्याची वेळ येते. येथें बूच कितीही उत्तम बसविलें तरी तें घातकच ठरतें.

म्हणून पुढील नियम पाळावा:

१. इंजिनाच्या छापील माहितीपुस्तकांत पाण्याच्या फेऱ्याची आकृति असेल तर ती प्रथम पाहावी.

२. दुसरी आडवाट आहे अशी खात्री झाली तर दोन्ही तोंडें बंद करावीं. एकच बंद करून दुसरें तसेंच सोडूं नये.

३. खात्री नसेल तर तोंडें बंद न करतां एकास दुसरें रबरी नळीनें जोडून द्यावें. यामुळें थोडें कढत पाणी रेडिएटरांत न जातां परत फिरतें हें खरें. परंतु हीटर चालू असतां तें तसेंच फिरत होतें. इंजिन ज्या स्थितीसाठीं घडविलें आहे तीच स्थिति यानें कायम राहते.

४. जोडनळी घेतांना मुळांतच अर्धवर्तुळाकार घडविलेली घ्यावी. सरळ नळी बळेंच वांकविली तर ती मध्यें चिमटते व वाट बंद होते. मग जोडण्याचा हेतुच फसतो.

५. जुन्या लांब नळ्या इंजिनावर तशाच ठेवून त्यांचीं टोंकें बांधूं नयेत. अशा आंधळ्या नळींत पाणी फिरत नाहीं, गाळ मात्र सांचतो. आणि रबर जून झालें कीं ती नेमकी अडचणीच्या वेळीं फुटते. जें बंद करावयाचें तें इंजिनाच्या अंगाशींच बंद करावें.

आणखी एक सूचना. ब्लॉकच्या कुशींत पत्र्याच्या गोल वाटीसारख्या टिकल्या ठोकून बसविलेल्या दिसतात. त्या मूळच्या ओतकामाचीं भोकें बुजविण्यासाठीं असतात. त्यांचा या विषयाशीं संबंध नाहीं; त्यांना हात लावूं नये.

बंद करण्याच्या तीन रीती

पहिली रीत, आट्यांचें बूच. पुष्कळ इंजिनांवर हीटरची नळी ज्या लहान तोटीवर चढविलेली असते ती तोटी आट्यांनीं बसविलेली असते. ती काढून त्या जागीं त्याच आट्यांचें धातूचें बूच बसविणें ही सर्वांत उत्तम रीत होय. येथें रबर नाहीं, क्लिप नाहीं; एकदां बसलें म्हणजे इंजिनाच्या आयुष्यभर टिकतें. बिडाच्या हेडांत पितळी बूच चांगलें. तें गंजून धरून बसत नाहीं व पुढें काढावयाचें झाल्यास सुटतें. अॅल्युमिनियमच्या हेडांत शक्य तर अॅल्युमिनियमचेंच बूच घ्यावें, कारण दोन भिन्न धातु ऊन पाण्यांत एकत्र आले म्हणजे त्यांतील हलका धातु झिजूं लागतो. घरच्या नळास लागणारें जस्ताचा मुलामा दिलेलें बूच मात्र टाळावें. कढत कूलंटांत तो मुलामा टिकत नाहीं व त्याचा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

दुसरी रीत, चकतीची. कांहीं तोंडें दोन बोल्टांनीं आवळलेल्या कानाच्या तोटीचीं असतात. ती तोटी काढून तिच्याच मापाची, सुमारें ५–६ मिलिमीटर जाडीची सपाट पट्टी कापून, खालीं नवें गॅस्केट घालून बोल्टांनीं बसवावी. पट्टी पातळ घेतली तर बोल्ट आवळतांना ती मध्यें फुगते व कडेनें पाणी सुटतें. जुन्या गॅस्केटचे तुकडे खरवडून जागा अगदीं स्वच्छ केल्यावांचून नवें गॅस्केट ठेवूं नये; आणि खरवडतांना अॅल्युमिनियमवर ओरखडे पाडूं नयेत.

तिसरी रीत, रबरी टोपीची. तोटी ओतीव भागाशीं एकजीव असेल, किंवा काढतां काढतां मोडेल अशी भीति असेल, तेव्हां हीच रीत उरते. हीटरसाठीं मिळते तशी जाड, विणीची रबरी नळी बोटभर लांब कापावी. तिच्या एका टोंकांत नळीच्या आंतल्या मापाचा धातूचा गुळगुळीत तुकडा बसवावा. दुसरें टोंक तोटीवर चढवावें. व दोन्ही टोंकांस स्क्रूच्या क्लिपा आवळाव्या. धातूच्या तुकड्याऐवजीं बोल्ट घालणें झाल्यास त्याचा गुळगुळीत भाग रबरांत येईल असें पाहावें. आट्यांच्या खांचांतून पाणी झिरपतें. बाजारांत तयार रबरी टोप्या मिळतात. त्या कढत कूलंटासाठीं केलेल्या आहेत असें स्पष्ट असेल तरच घ्याव्या. ही रीत चांगली खरी, पण कायमची नव्हे. रबर दाबून पाहावें. कडक झालें, चिरा पडल्या किंवा फुगलें तर तें बदलावें.

आट्यांची पारख

आट्यांच्या बाबतींत खेडोपाडीं फार चुका होतात. आपल्याकडे नळकामांत जे आटे चालतात ते ब्रिटिश वळणाचे. जीपगाडी मूळची अमेरिकन. मुंबईस तिची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. त्या वंशाच्या जुन्या इंजिनांवर अमेरिकन आटे सांपडण्याचा संभव असतो. दोहोंत भेद असा: ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकन आट्याचा ६० अंशांचा. तीन-अष्टमांश इंची मापांत ब्रिटिश आटे दर इंचास १९ व अमेरिकन १८ असतात. म्हणून एकाचें बूच दुसऱ्यांत दोन-तीन फेऱ्यांतच अडतें व चूक कळून येते. पण अर्धा इंच व पाऊण इंच या मापांत दोन्हीकडे दर इंचास १४ च आटे असतात. त्यामुळें चुकीचें बूच सहज शिरतें, आवळल्यासारखेंही वाटतें, आणि कोन व व्यास न जुळल्यामुळें गळतच राहतें. गळतें म्हणून अधिक आवळलें कीं हेडाचे आटे तुटतात. यासाठीं काढलेली तोटी बरोबर घेऊनच दुकानीं जावें, आणि दोहोंचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरून पाहावे. मध्यें उजेड दिसला तर तें बूच परत करावें.

वरील दोन्ही जातींचे निमुळते आटे स्वतःच घट्ट बसून पाणी रोखतात. मिलिमीटरच्या मापाचे सरळ आटे असतील तर पाणी आट्यांनीं नव्हे, तर बुचाच्या डोक्याखालील तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या चकतीनें रोखलें जातें. तेथें चकती नवीनच घ्यावी.

ज्या वस्तु वापरूं नयेत

लांकडाची खुंटी ओली असतां फुगते व सुकतांच आंखडते; गाडीच्या हादऱ्यानें ती निघते. सायकलची ट्यूब तेल व उष्णता यांनीं मऊ पडते. कालवून लावण्याची लांबी ओल्या व तेलकट धातूस धरत नाहीं. शिवाय तिचा तुकडा सुटून आंत गेला तर पाण्याच्या वाटेंत अडकतो. सफेदा व सुतळी ही नळकामाची जोडी थंड पाण्यासाठीं आहे. कढत कूलंटांत सुतळी कुजते.

कोणी म्हणेल कीं, एवढ्याशा तोंडावर जोर तो किती? हिशेब करून पाहावा. १९ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचें क्षेत्रफळ सुमारें २·८ चौरस सेंटिमीटर भरतें. दर चौरस सेंटिमीटरास १ किलो या दाबानें त्यावर पावणेतीन किलोंचा जोर येतो. जोर फार नाहीं हें खरें. परंतु तो शंभर अंशांच्या पाण्यासह, हादऱ्यांसह, तासचे तास व रोज येतो. बुचाची कसोटी लागते ती या सातत्यानें.

प्रत्यक्ष काम

काम इंजिन पूर्ण थंड असतां, शक्यतों सकाळीं करावें. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. दाब सुटतांच कढत पाणी उसळून तोंड व हात भाजतात. झांकण थंड असतां उघडून, खालील तोटीनें पाणी स्वच्छ भांड्यांत काढून घ्यावें.

येथें एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. या पाण्यांत हिरवें अगर लाल कूलंट मिसळलेलें असेल तर तें बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीस गोड पण विषारी आहे. गुरें, कुत्रीं व लहान मुलें यांस त्यापासून प्राणघातक अपाय होऊं शकतो. तें गोठ्याजवळ, हौदांत किंवा पाटांत ओतूं नये. सांडलेलें लगेच धुवून काढावें, आणि भांडें झांकून, कुलपाआड ठेवावें.

तोटी सुटत नसेल तर मुळाशीं गंज सोडविणारें तेल सोडून कांहीं तास थांबावें. लांब दांड्याच्या पान्यानें एकदम हिसडा देऊं नये. तोटी निघाल्यावर भोंकांत कापडाचा बोळा धरून आटे साफ करावे, म्हणजे गंजाचे कण आंत पडणार नाहींत. बोळा काढण्यास विसरूं नये. निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी फीत दोन-तीन वेढे द्यावी. वेढे बूच फिरविण्याच्याच दिशेनें असावेत, व टोंकाचा पहिला आटा मोकळा ठेवावा, नाहीं तर फितीचा तुकडा सुटून पाण्यांत जातो. उष्णतेच्या कांट्याचा एकतारी कंद काढावा लागला तर त्यावर मात्र फीत लावूं नये. त्याची वीज आट्यांतूनच परत जाते, व फितीनें कांटा चुकीचें दाखवितो.

बूच प्रथम हातानें बसवावें व जाईल तेथवर फिरवावें. मग पान्यानें घट्ट करावें. निमुळतें बूच हें पाचरच होय. अॅल्युमिनियमच्या घरांत तें अधिक पुढें रेटलें तर घर फुटतें. घट्ट बसलें कीं थांबावें.

पाणी भरणें व परीक्षा

इंजिनांत विहिरीचें अगर कूपनलिकेचें कठीण पाणी भरूं नये; त्यांतील क्षार आंत थर धरतात आणि तो थर उष्णतेस अडवितो. ज्या जातीचें कूलंट पूर्वीं होतें त्याच जातीचें शुद्ध पाण्यांत सांगितलेल्या प्रमाणानें मिसळून घालावें. भरणें सावकाश करावें. शक्य तर गाडीचें तोंड किंचित् उंचावर ठेवावें, म्हणजे हवा रेडिएटरच्या तोंडाकडे निघून येते. झांकण उघडें ठेवून इंजिन मंद चालवावें; पाणी खालीं बसत जाईल तसतशी भर घालावी; आणि थर्मोस्टॅट उघडून रेडिएटरची वरची नळी ऊन लागली, बुडबुडे थांबले व पाणी वर चढूं लागलें कीं झांकण लावावें. आंत राहिलेली हवा ही गळतीइतकीच घातक होय.

झांकण लावल्यावर इंजिन पुरतें तापवून बुचाभोंवतीं कोरडा कागद फिरवावा. ओल असेल तर कागद सांगेल. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रबरी टोपीच्या क्लिपा पुन्हां तपासाव्या, कारण पहिल्या उष्णतेनें रबर बसतें व क्लिप सैल होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाण्याची पातळी पाहावी, व तशीच आठवडाभर रोज पाहावी. बुचाखालीं पांढरा, हिरवा किंवा तांबूस डाग दिसला तर तेथें पाणी झिरपून सुकत आहे असें समजावें. पातळी उतरते पण बाहेर कोठेंच ओल नाहीं, असें आढळल्यास तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ झालें असेल तर पाणी आंत उतरत आहे. मग गाडी एक पाऊलही न चालवितां जाणत्या कारागिरास बोलवावें.

बैलाच्या खुरांतील खडा वेळींच काढला तर तो हंगामभर चालतो. राहिला तर ऐन पेरणींत जोत मोडतें. इंजिनावरील हें लहानसें तोंडही त्याच जातीचें आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वीं एका सकाळीं, पाण्याची वाट समजून घेऊन व योग्य आट्यांचें बूच आणून तें नीट बंद करावें, आणि मगच गाडीस भार जोडावा.